शेरभर दुधाचे वाटे

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही — नवऱ्याजवळ नाही, देवापुढेही नाही. आता मनात ठेवून ठेवून दमले आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

प्लेगाच्या आधीची गोष्ट. गिरगावातल्या चाळीत आम्ही दोघी जावा एकत्र राहायचो. धाकटी काशी, तिची तीन वर्षांची यमी; माझा बाळ्या तिच्याहून थोडा मोठा. यमी तापातून उठली होती, नुसती काडी. वैद्यबुवांनी दूध सांगितले. घरात दूध येई शेरभर. सासूबाईंनी मला बजावले, "शेरातलं निम्मं यमीला. मग पावशेर बाळ्याला, पावशेर देवाला नि घराला."

सोपे गणित, नाही का? वडिलांनी माझ्याकडून पावकी-निमकीचे पाढे तोंडपाठ करून घेतले होते. तरी पहिल्या दिवशी चुकले. देवाचे आधी काढायची आमची रीत. तो पावशेर मी आधी बाजूला काढला आणि राहिले त्याचे निम्मे यमीला दिले. निम्मेच — पण शेराचे नव्हे, पाऊण शेराचे. तिचे अदपाव, म्हणजे अर्धा पावशेर, दूध बाळ्याच्या पोटात गेले.

भांडी घासताना लक्षात आले. पण बाळ्या त्या दिवशी कुरकुर न करता झोपला होता...

चूक एका दिवसाची. पुढचे सगळे मी जाणूनबुजून केले. काशी समोर बसायची, यमीचे नि बाळ्याचे भांडे सारखे भरलेले पाहून, निम्मं मिळालं अशा समाधानाने उठायची. तिला गणित कुणी शिकवले होते? आणि मी तरी कशाला शिकवते?

पावसाळा सरता सरता यमी गेली. अदपाव दुधाने गेली का? ठाऊक नाही. वैद्यबुवा म्हणाले, पोरीच्या अंगात काही उरलंच नव्हतं.

भेटायला आलेल्या बायकांना काशी सांगत होती, "दुधाचं काही कमी पडलं नाही हो. जाऊबाईंनी रोज निम्मं मोजून दिलं." मी शेजारीच बसले होते. तेव्हा तरी बोलायचे!

पुढे काही दिवसांनी सकाळी मी दूध मोजायला बसले. काशी आली, उभ्याउभ्याच म्हणाली, "जाऊबाई, आता यमीचा वाटाही बाळ्यालाच द्या."

मी दिला.