महिपतीच ना?

डॉक्टर संघप्रिया आमच्या वॉर्डात रुजू झाल्या तेव्हा मी म्हणालो होतो, ही पोर आठवड्यात पळणार. मी विरेश, वॉर्डातला ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स. वीस वर्षांत कितीतरी डॉक्टर येता-जाता पाहिलेत. या मात्र टिकल्या. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात लेकीच्या नावाची दवाखान्याची पाटी लागावी, एवढीच त्यांच्या वडिलांची इच्छा. पण गेल्या महिन्यात एका पेशंटच्या नातेवाइकांनी त्यांच्या सोबतच्या डॉक्टरचा हात मोडला. तेव्हापासून बाई पेशंटआधी त्याच्या माणसांकडे बघायच्या.

त्या दुपारी बाईंची सलग तीस तास ड्यूटी झाली होती. खाटेवर वळसंग गावचा म्हातारा तापाच्या ग्लानीत पडलेला. उशाशी बायको बजाबाई, पायथ्याशी दांडगा मुलगा पृथ्वीराज.

"यांचं नाव सांगा," बाई म्हणाल्या. सुई देण्याआधी नाव विचारायचं, आपण सुचवायचं नाही, हा नियमच आहे. बजाबाई गप्प. नवऱ्याचं नाव घेत नसतील, असं मला वाटलं.

पृथ्वीराज पुढे सरकला. "कागदावर हाय की. सकाळधरनं कितीदा इचारताय?"

बाई घाबरल्या, मला स्पष्ट दिसलं. करू नये तेच त्यांनी केलं. "महिपतीच ना?"

"व्हय," पोरगा म्हणाला.

"जुन्या कागदांत आहे, हे इंजेक्शन यांना चालतं," असं पुटपुटत बाईंनी सुई सलाईनच्या नळीला लावली.

बजाबाईंनी त्यांचं मनगट धरलं. "नगा देऊ. महिपती माजं थोरलं दीर. कार्ड त्येंचं हाय. ह्येंचा असल्याच सुईनं मागं श्वास कोंडला हुता."

"मग हे कोण?"

बजाबाईंनी पदर पुढे ओढला. "रावसाहेब," त्या कशाबशा म्हणाल्या.

मी सुई काढून घेतली. फुकट उपचारांच्या कार्डापायी बापाचा जीव घ्यायला निघालेल्या पोराचा मला भयंकर राग आला. तो मात्र बापाचे पाय धरून खाली बसला होता.

औषध बदलून दिल्यावर बाई ड्रेसिंगच्या खोलीत जाऊन बसल्या. "त्या पोराला भिऊन मी पुन्हा नाव विचारलं नाही, ब्रदर. माणूस मेला असता."

"घरी जा. दोन तास झोपा."

"माझ्या जागी कोण आहे?"

कुणीच नव्हतं. बाईंनी पुढचा कागद उचलला. "आज प्रत्येक सुईला तुम्ही माझ्याशेजारी उभे राहा."

मी हो म्हणालो. माझी ड्यूटी तासाभरात संपत होती, हे सांगायची माझी छाती झाली नाही.