जड पाण्याची चॉकलेटं

युकान गावातल्या ज्या कारखान्यात पूर्वी अणुभट्टीत लागणारं जड पाणी तयार व्हायचं, तिथे गुडवाइगचे वडील टॉर्गेर आयुष्यभर राबले. ते गेल्यावर तिने चॉकलेटचं दुकान काढलं आणि त्यांची आठवण म्हणून प्रत्येक चॉकलेटात जड पाण्याचा एक थेंब घालू लागली. दिसायला साधं पाणी, पण इवलीशी बाटली उंची दारूहून महाग.

"वहिनी, नळाचं घाल गं. कोणाला कळतंय?" नणंद हिल्डे टोमणा मारी.

"पाकिटावर लिहिलंय, तेच घालणार."

गिऱ्हाइकं मात्र नाव वाचूनच बिचकत. "बॉम्बचं पाणी ना हे?" गुडवाइग समजावी, "यात किरणं नाहीत. कित्येक दिवस नुसतं हेच प्यायलं तर बाधेल, थेंबाने काय होतंय?" आणि त्यांच्यासमोर स्वतः एक तोंडात टाकी.

एका दुपारी एका गरोदर बाईने हे सगळं ऐकून चॉकलेट खाल्लं. दारापर्यंत जाऊन ती परत आली. "बाळाला काही होणार नाही ना हो?" गुडवाइगने तिला बसवलं, पुन्हा सगळं सांगितलं. बाईने मान डोलावली, पण ती गेली ती पोटावर हात ठेवूनच.

गुडवाइगने उरलेली बाटली गावच्या शाळेला प्रयोगासाठी देऊन टाकली.

"परवडेना ना शेवटी?" हिल्डेने विचारलं.

"महाग पडलेलं सोसलं असतं गं. माझं चॉकलेट खाऊन कोणी धास्तावून घरी जावं, हे नाही सोसत."

नव्या पाकिटांवर तिने नुसतं वडिलांचं नाव छापलं. जड पाण्याच्या नवलाईने येणारे प्रवासी कमी झाले, पण टॉर्गेरना ओळखणारे गावातले लोक पहिल्यांदाच दुकानात येऊ लागले.