ओवाळणीचं मशीन

माझ्या आईला भाऊ नव्हता. भाऊबीजेला ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. द्वितीयेची कोर लगेच मावळते, म्हणून तिची कोण घाई चालायची! खाली उतरली की दर वर्षी मला म्हणायची, "तू नशिबाची हो, तुला भाऊ आहे." आहे ना. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, पुण्यात चांगल्या कंपनीत. त्याच्याबद्दलच लिहायला बसले आहे, आणि गोड लिहिलं जाणार नाही, हे आधीच सांगते.

मी बरकतपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. यजमान गेल्यापासून एकटी. नारायणगुड्याच्या एका शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं क्लार्क होते, शिक्षकांचा हजेरीपट आणि पगारपत्रक दोन्ही माझ्याच हातचं. निवृत्त होईतो गुडघे कामातून गेले. कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी उतरलं तरी वर येताना प्रत्येक मजल्यावर थांबून दम खायचा. डॉक्टर म्हणतात, जिना सोडा. जिना सोडून काय, उडत जाऊ? काचीगुड्यात बाबांनी बांधलेलं घर होतं, आम्हा दोघा भावंडांच्या नावावर. त्यातल्या तळमजल्यावरच्या मागच्या दोन खोल्यांवर माझा डोळा होता. भाडेकरू निघाला की तिथे राहायला जायचं. रिक्षा थेट फाटकापर्यंत येते, एक पायरी चढली की घर. याहून जास्त मला आयुष्याकडून काही नको होतं.

त्या दिवाळीत भाऊ आला तो खोकी घेऊनच. त्याला पाटावर बसवलं, ओवाळलं, पण तबकात त्याने काही टाकलंच नाही. हसून म्हणाला, "ताई, तुझी ओवाळणी आत लावतो, चल." मागच्या खोलीत त्याने लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर सहा कार्डं ओळीने बसवली, एकेकाला दोन-दोन पंखे. कॉम्प्युटरवर खेळ खेळणाऱ्या पोरांना लागतात तीच ही कार्डं, म्हणाला. ती दिवसरात्र गणितं सोडवतात आणि त्याबद्दल नाणी मिळतात. नाणी म्हणजे हातात धरायची नव्हेत, इंटरनेटवरची, पण विकून खरे पैसे येणारी.

"गणितं कुणाची रे?" मी विचारलं. शाळेतली सवय.

"कुणाची का असेनात! ती सोडवतील, तू मजेत बस. आता दर महिन्याला भाऊबीज!"

माझे डोळे भरून आले. खोटं कशाला बोलू, अगदी भरून आले.

त्याने माझ्या फोनवर एक चौकट उघडून दिली. त्यात रोज एक आकडा वाढायचा. ते नाणं काढायचं कसं, मिळतं कुणाला, हे मी विचारलं नाही. ओवाळणीचं पाकीट भावासमोर उघडायचं नाही आणि किती म्हणून विचारायचं नाही, ही आईची शिकवण. तीस वर्षं दुसऱ्यांचे पगार पै-पैने तपासणारी मी, स्वतःच्या बाबतीत मात्र लाजत बसले.

चार दिवसांनी तो मला रजिस्ट्रारच्या ऑफिसात घेऊन गेला. म्हणाला, "घर एका नावावर असलं की कागदपत्रं सोपी होतात. त्या कुबट खोल्यांत कशाला राहायला जातेस? दोन वर्षांत तुझ्या नाण्यांतून तळमजल्यावरचा फ्लॅट येईल, लिफ्टची कटकटच नको." मी हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे बहिणी हेच करतात. वाटा सोडतात, साडी घेतात आणि माहेर राखलं म्हणून चारचौघींत मिरवतात. माझ्या तिन्ही आत्यांनी केलं, मीही केलं. सही करताना मी हसत होते. तिथल्या कारकुनाने दोनदा विचारलं, "अम्मा, समझ के कर रहे ना?" मी म्हटलं, "हौ, भाई है मेरा." मोरपंखी साडीवर माझी बोळवण झाली.

मग ते मशीन आणि मी असा संसार सुरू झाला. त्याचा आवाज म्हणजे घरात कायम कुणी तरी पिठाची गिरणी लावल्यासारखा. खोली इतकी तापायची की दोन मिनिटं उभं राहिलं तर पदराने तोंड पुसावं लागायचं. पण मी कसली वाया घालवते ती ऊब! कुरडया घातल्या, सांडगे घातले. समोरच्या तेलुगू घरातली सून आपली वडियालूंची, म्हणजे त्यांच्याकडच्या सांडग्यांची, ताटं घेऊन यायची. ती आयटीतली, घरूनच काम करते, गोड पोरगी. "आंटी, तुमारा भाई तो कमाल है," म्हणायची, आणि मला मूठभर मांस चढायचं. विजेचं बिल पहिल्यांदा आलं तेव्हा मात्र मला घेरीच यायची बाकी होती. भाऊ म्हणाला, "तूर्त तू भर ताई, नाण्यांतून निघेल." भरलं. पेन्शनमधून भरत राहिले. दूध अर्ध्या लिटरवर आणलं, रिक्षा सोडून बसने जायला लागले, गुडघेदुखीचं महागडं औषध एक दिवसाआड घ्यायला लागले. फ्लॅट येणार होता ना.

आणि एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिनेच मला जास्त भुलवलं. आमच्याकडे लाइट गेली की पाच-दहा मिनिटांत भावाचा फोन यायचा. "ताई, काय झालं? बरी आहेस ना?" एरवी राखीला एकदा बोलणारा हा माणूस! मी समोरच्या सुनेला कौतुकाने सांगायची, "बघ, इथे दिवा विझला की तिथे त्याच्या जिवाची कालवाकालव होते. रक्ताचं नातं आहे बाई." ती ताटातले वडियालू उलटत राहायची. आता कळतं, बिचारीला कसं सांगावं ते समजत नव्हतं.

दुसऱ्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. तीन दिवस दवाखान्यात सलाइनवर होते. त्याच सुनेने नेलं, तिनेच डबा आणला. फोन उशाशी होता. भावाचा एकही फोन आला नाही. मी तिला किल्ली देऊन बजावलं होतं, "काही झालं तरी मागच्या खोलीचं बटण बंद करू नकोस." अंगात ताप, आणि मला घोर त्याच्या मशीनचा. त्याला कुणी कळवलं नसेल, कामात असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

घरी आल्यावर तो जिना मला बसून चढावा लागला. हो, बसून, एकेक पायरी मागे सरकत, साठीच्या पुढची बाई. तेव्हाच ठरवलं, आता बस. शेजारच्या गल्लीत तळमजल्यावर एक छोटा फ्लॅट निघाला होता. सुनेला बोलावून फोन तिच्या हातात दिला. "काढ बाई यातले पैसे."

तिने बराच वेळ पाहिलं. मग माझा हात धरून खाली बसवलं. "आंटी, इसमें पैसे नै हैं. ये तो हाजरी का रजिस्टर है. मशीन ने कितना काम किया, बस वो. पगार दूसरे के खाते में जाता. पैले दिन से."

हजेरीपट! मला समजावून सांगायची गरजच नव्हती. हजेरी वेगळी आणि पगार वेगळा, हे अख्ख्या नारायणगुड्यात माझ्याइतकं कुणाला ठाऊक असेल? दोन वर्षं मी रोज सकाळी त्या आकड्याला नमस्कार करत होते. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, म्हणतात. आंधळी मी. पुढचं बोलत नाही, एका आईची लेकरं आहोत.

त्याला फोन लावले. दोन दिवसांत सात. उचलले नाहीत. एकदा निरोप आला, 'मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू.' तिसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवलं, मागच्या खोलीत गेले आणि मुख्य बटण खाली पाडलं. पंखे हळूहळू थांबले. घरात कुकरची शिट्टी, खालच्या भाजीवाल्याची हाळी, सगळं एकदम ऐकू यायला लागलं. चहा गाळून पहिला घोट घेते न घेते तोच फोन वाजला.

"ताई! काय झालं? बरी आहेस ना? लाइट गेली का?"

"लाइट आहे. मी बंद केलं," मी म्हटलं. "माझे पैसे कुठे आहेत?"

म्हणाला, बाजार पडला, कार्डांचे हप्ते होते, तुला यातलं कळणार नाही. आणि मग वर, "ओवाळणीचा कुणी हिशोब मागतं का ताई?" केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. आईची शिकवण त्याने माझ्यावरच फिरवली.

"मग काचीगुड्याच्या माझ्या दोन खोल्या दे. मला जिना चढवत नाही रे."

"घर बिल्डरला दिलं की गेल्या महिन्यात. तूच तर सही केलीस." आणि मग अगदी मऊ आवाजात, लहानपणी खाऊ मागायचा तसा, "आधी मशीन चालू कर ना. एकेक तास वाया जातोय."

मी शांतपणे विचारलं. "मी तीन दिवस दवाखान्यात होते. सलाइन लावलं होतं. एक फोन केला नाहीस तू. का रे?"

तो खरंच गोंधळला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती, तेच जास्त लागलं. म्हणाला, "पण ताई, तेव्हा मशीन तर चालू होतं."

मी फोन ठेवला. ते बटण मी पुन्हा वर केलं नाही. कार्डं न्यायला त्याने माणूस पाठवला, त्याच्या हाती ती मोरपंखी साडीही परत पाठवली.

यंदा भाऊबीजेला नीरांजन लावलं आणि तबक घेऊन गच्चीचा जिना चढले, कठड्याला धरून, दोनदा थांबून. कोर मावळायला आली होती. मी घाईघाईने ओवाळलं. आईला मी काय तोंड दाखवलं असतं? बरं झालं, हे बघायला ती नाही.