इंदूचं लुगडं

इंदू भोयरची उंची चार फूट आठ इंच. त्यातल्या आठव्या इंचाबद्दल तिच्या नवऱ्याला, म्हणजे मारोतीला, शंका होती. पण संसार करायचा असल्यामुळे तो ती बोलून दाखवत नसे.

रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं आणि इंदू सिंचन खात्यात बाबू होती. ऑफिसातल्या साऱ्या बुटक्या बायका साडी घेण्याआधी तिला विचारत. बारीक काठ घ्या, उभ्या रेघा घ्या, निऱ्या मोजक्याच पण चापून बसवा, हे तिचं ठरलेलं. मोठी फुलं मात्र वर्ज्य. एकदा ती सूर्यफुलांची साडी नेसून गेली, तर साहेब पंधरा मिनिटं एका फुलाशीच बोलत बसले होते.

त्या साली मराठी मंडळानं पाडव्याच्या मिरवणुकीत लेझीम काढायचं ठरवलं. पुढाकार पद्मिनीताईंचा. त्यांचे यजमान नव्या राजधानीत बदली होऊन पुण्याहून आलेले. ताई उंच, गोऱ्या आणि शिस्तीच्या. नऊवारी सगळ्यांना सक्तीची, असं त्यांनी बजावलं. इंदूनं वर्ध्याच्या शाळेत सहा वर्षं लेझीम गाजवलं होतं. तिला पुढच्या रांगेत उभं राहायचं होतं, तेही अगदी मधोमध. त्याहून कमी काही तिला नको होतं.

सरावाला ती सासूबाईंचं लुगडं नेसून गेली. काठ हातभर रुंद, ते गुडघ्यापर्यंत आले. उरलेलं कापड खोचता खोचता पोटावर असं गाठोडं झालं, की वाकली की लेझीम त्यातच अडकायचं. ताईंनी बिचारीला गोड बोलून शेवटच्या रांगेत, भोंग्याच्या टेम्पोला लागून उभं केलं. इंदू घरी येऊन चक्क रडली. मारोतीनं सुचवलं की थोडी जाड झालीस तर लुगडं अंगात भरेल. त्या दिवशी त्याला भाजी अळणी मिळाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पंडरीचा कापडबाजार गाठला. हलकी नऊवारी मागितली, तर दुकानदार म्हणाला, दीदी, ती नागपूरला मिळेल, इथं सहावारीच. आणि त्यानं बारीक काठाची एक हिरवी सहावारी तिच्यासमोर उलगडली. इंदू बघतच राहिली. लुगड्याचं कितीतरी कापड आपण नुसतंच पोटाशी कोंबतो, हे तिच्या ध्यानात आलं. तिनं तिथंच पंजाबी ड्रेसवरून काष्टा घालून पाहिला. बरोब्बर बसला, वर पदरही निघाला. दुकानदारानं हातातला चहा बाजूला ठेवला.

पाडव्याला सकाळी ताईंनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. गाठोडं नाही, झोळ नाही, काष्टा ताठ. एवढी सुबक नऊवारी कुठून आणली, असं त्यांनी विचारलं. खोटं बोलणं इंदूला जमत नसे. तिनं सांगून टाकलं की ही सहावारी आहे. बायका कुजबुजायला लागल्या. नियम म्हणजे नियम, असं ताई म्हणाल्या.

इंदूनं पदर खोचला. "ताई, तुमच्या उंचीले नऊ वार लागते. मले सहातच पुरते. माह्यं लुगडं पूर्ण आहे, कुठं कमी दिसून राहिलं ते दाखवा."

ताईंनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. कमी कुठंच दिसेना. अखेर त्यांना हसू फुटलं आणि त्यांनी दंडाला धरून इंदूला पुढच्या रांगेत आणलं, मधोमध. स्वतः तिच्या मागं उभ्या राहिल्या.

आजवर घेतलेला प्रत्येक कपडा इंदूनं कापून, मुडपून, टाचून घातला होता. आज पहिल्यांदा काहीतरी तिच्या मापाचं होतं, आणि तिला इतका आनंद झाला की सुरुवातीचे दोन ठेके चुकलेच. मग जी सुटली ती सुटलीच. गोल बाजार येईपर्यंत मागून, नऊ वार सावरत, धापा टाकत पद्मिनीताईंचा आवाज आला, "इंदू, जरा हळू गं."

इंदूनं ऐकलं आणि वेग वाढवला.