एकोणसाठ रजेवर

आकडेतात्यांनी आयुष्यात कुठलाही आकडा नुसता उच्चारला नाही. कुणी त्यांचा फोन नंबर विचारला की विचारणाऱ्याची पंचाईत व्हायची. "अठ्ठ्याऐंशी, दोन तंबू. मग अठ्ठावन्न, गुरुजी घरी बसले. फुडं चव्वेचाळीस, जतचं चैतातलं ऊन..." असं चालायचं, आणि निम्म्यातच समोरचा माणूस म्हणायचा की राहू दे तात्या, मीच घरी येतो. अशा माणसाला आमच्या वाडीनं लबाड ठरवलं. दोन वर्षं झाली त्याला, तरी आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तेव्हा हे मी चिडूनच लिहिते आहे, आधीच सांगून ठेवते.

उंब्रजपासून दोन कोसावर आमची वाडी. तात्या फौजेत हवालदार होते. निवृत्त होऊन आले तेव्हा पलटणीनं त्यांना कँटीनमधला तांबोळ्याचा जुना संच भेट दिला होता. तांबोळा म्हणजे आपली हौजी. खाकी पिशवी, तिच्यात एक ते नव्वदच्या लाकडी सोंगट्या, आणि वर तिकिटांची चळत. पलटणीत साहेबलोक आकड्यांना इंग्रजीत टोपणनावं द्यायचे, अठ्ठ्याऐंशीला म्हणे दोन जाड्या बायका. तात्यांना ते पटलं नव्हतं. "आपल्या गावात आसं बोलून संध्याकाळी जेवाय मिळंल का?" म्हणायचे. त्यांनी अठ्ठ्याऐंशीचे दोन तंबू केले, देवनागरीत लिहून बघा म्हणजे दिसतील.

गणपतीत पाचव्या दिवशी दुपारी मांडवात हौजी असायची आणि खेळायला बायकाच जास्त. तात्या पिशवी घेऊन रांगांमधून फिरायचे. छत्तीस आला की जावाजावा, त्रेसष्ट आला की "सण आला, बोलाय लागल्या". पस्तीस म्हणजे काठावर पास, आणि हे म्हणताना ते माझ्याकडं बघायचे, कारण माझी दहावी सगळ्या वाडीला ठाऊक होती. मी फणकारायचे. बहात्तर आला की मात्र हसायचे नाहीत. "बहात्तर. सुकडी खाल्लेली मान्सं, हात वर करा." मग बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या, रोजगार हमीवरची सुकडी खाऊन वाढलेल्या म्हाताऱ्या एकेक करून हात वर करायच्या. आईचं माहेर जतकडचं. तीही करायची. हात खाली येईपर्यंत तात्या पुढची सोंगटी काढत नसत.

आकडेतात्या या नावानं एकदा मजाच झाली. मटक्याच्या नादी लागलेला एक ट्रकवाला हायवेवरून विचारत विचारत त्यांच्या ओट्याशी आला आणि हळूच म्हणाला, आज कुठला लागंल? तात्यांचा अपमान झाला होता, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. त्याला बसवला, चहा दिला आणि एकपासून नव्वदपर्यंत सगळे आकडे नावानिशी ऐकवले. मग म्हणाले, "ह्यातला एक नक्की लागणार, पाव्हणं." ट्रकवाला त्यांना नमस्कार करून गेला.

आता एकोणसाठचं सांगते. बाकीचे आकडे निघत, पण एकोणसाठ लवकर निघायचा नाही. बायका ओरडायच्या, आवं तात्या, माझा एकच ऱ्हायलाय, एकुणसाठ काढा की. तात्या म्हणायचे, "रजेवर हाय." मांडव हसायचा. पुष्कळ वेळानं, कधी तर अगदी शेवटी, तात्या पिशवीत हात घालून मूठ बाहेर काढायचे, एक पाय आपटून सलाम ठोकायचे आणि म्हणायचे, "एकुणसाठ, रजा संपवून हजर." मूठ तशीच, काढलेल्या सोंगट्या ठेवायच्या टोपीत जायची. फळ्यावर खडूनं एकोणसाठ लिहिला जायचा. कुठंतरी एखादी बाई "हाऊस!" म्हणून उठायची.

एका वर्षी ती बाई माझी आई होती. बक्षीस होतं प्रेशर कुकर. आईला तो हवा होता आणि आजीला घरात नको होता. शिट्टी मारणारं भांडं लेकीसुनांच्या घरात शोभत नाही, असं आजीचं म्हणणं, आणि वडील आजीपुढं चकार शब्द काढत नसत. आई सहा वर्षं चुलीवर डाळ घोटत होती. पण गणपतीच्या मांडवातून आलेली वस्तू परत कशी करणार? तो प्रसाद. आजीनं त्याला हळदकुंकू लावलं आणि वर म्हणाली की देवाच्या मनात असंल तर वाजू दे शिट्टी. आई त्या दिवशी तिन्हीसांजेला उगीचच तीनदा डाळ लावायला निघाली होती. आमच्या घरात एवढी खूश मी तिला फार कमी वेळा पाहिली आहे.

दोन वर्षांपूर्वी मंडळाला नवा अध्यक्ष मिळाला. हौजी मोबाइलवर घ्यायची, आकडे मोठ्या टीव्हीवर दाखवायचे, असं त्याच्या डोक्यात होतं. तात्यांना बाजूला कसं करायचं हा प्रश्न होता, तो त्यानं सोडवला. बैठकीत त्यानं खाकी पिशवी सतरंजीवर उलटी केली आणि सगळ्यांसमोर सोंगट्या मोजल्या. एकोणनव्वद भरल्या. एकोणसाठ नव्हताच. "इतकी वर्षं आपल्याला फसवलंय," तो म्हणाला. "पायजे त्या बाईला बक्षीस द्यायचं, ही लबाडीच की." तात्या उठून उभे राहिले, अगदी ताठ. "व्हय. चूक माझी हाय," एवढंच म्हणाले. मग खाली बसून एकेक सोंगटी पिशवीत भरली, त्याला बराच वेळ लागला, आणि एकानंही त्यांना हातभार लावला नाही.

त्या बैठकीत एकोणसाठवर बक्षीस नेलेल्या कितीतरी बायका बसल्या होत्या. सगळ्या मूग गिळून. माझी आईसुद्धा. आणि मी, सांगलीत बँकेत नोकरी करणारी, रोज गिऱ्हाइकांशी हुज्जत घालणारी, मीसुद्धा सतरंजीची दशी ओढत बसले. लबाडी होती, नाही कोण म्हणतंय? पण तात्यांच्या स्वतःच्या बायकोला उभ्या जन्मात एक चमचा मिळाला नाही, आणि ती बिचारी दर वर्षी तिकीट घ्यायची. हे तिथं एकानं तरी बोलायला नको होतं का?

त्याच दिवाळीत मी त्यांच्याकडं गेले. पिशवी खुंटीला होती. मी सरळ विचारलं, सोंगटी हरवली होती तर नवी का केली नाहीत, सुतारानं दोन मिनिटांत करून दिली असती. म्हणाले, निवृत्तीला परत येताना रेल्वेतच पडली. पहिल्या वर्षी लाजेनं बोलले नाहीत, नुसता तोंडानं पुकारला. तेव्हा एका बाईला बादली मिळाली आणि तिचं तोंड बघून त्यांनी ठरवलं की नवी करायची नाही.

"बक्षिसं मांडल्याली असत्यात ना, तवा बायका तिकडं बघत्यात," तात्या म्हणाले. "त्या वक्ताला आपुन त्यांच्याकडं बघायचं. मग कळतंय कुणाला काय पायजे, नि कुणाला घरात मागता येत न्हाई."

मी म्हटलं, मग हे बैठकीत का सांगितलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "नावं घेतली आसती तर त्यांच्या घरात काय झालं आसतं पोरी?" मला त्यांचा इतका राग आला की मी चहा न पिता उठले. त्यानंतर भेट नाही. यंदा आषाढात तात्या गेले.

या गणपतीत पाचव्या दिवशी मी वाडीत होते. मांडवात टीव्ही, टीव्हीत एक गोड बाई, आणि ती आकडे सांगत होती. फाइव्ह नाइन, फिफ्टी नाइन. सहावा की सातवाच आकडा असेल. माझ्या शेजारी आई होती. ती तिकिटावरची नजर न काढता पुटपुटली, "रजा संपवून हजर." मागून दोघी-तिघी तेच म्हणाल्या. अख्खी रांग खुदकन हसली.

आणि माझं डोकंच फिरलं. आता आठवतंय होय? तेव्हा कुठं गेली होती ही तोंडं? मी उभी राहिले. आईनं पदर ओढला, बस खाली म्हणाली. मी बसले नाही. म्हटलं ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं.

"आमच्या घरातला कुकर एकोणसाठचा आहे. एकोणसाठवर बक्षीस नेलेली माणसं, हात वर करा."

 आधी माझ्या शेजारचा हात वर झाला, आईचा. मग मागं एक. मग खांबापाशी दोन. पहिल्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर अध्यक्षाची आई बसली होती. तिनं मुलाकडं पाहिलं, तिकीट मांडीवर ठेवलं आणि हात वर केला. "आमची इस्त्री," ती म्हणाली. "तुझी शाळंची कापडं त्याच इस्त्रीनं केली रं." अध्यक्ष टीव्हीकडं बघत राहिला.

एवढ्या वेळात टीव्हीतल्या बाईनं आणखी पाच आकडे काढले होते. मांडवात एकीनंही ते खोडले नाहीत, कारण हात अजून वरच होते.