चौथा खण

जनवाड्याच्या पुढे मांजरा नदीचे दोन फाटे होतात आणि मधे जमिनीचा लांबट तुकडा उरतो. आमचं शेत आणि घर त्या बेटावर होतं. उन्हाळ्यात अलीकडचा फाटा आटला की बैलगाडी जायची. पावसाळ्यात कातड्यानं मढवलेल्या गोल टोपलीतून, आमच्या भाषेत हरगोलातून, नदी ओलांडावी लागे.

पोलीस ॲक्शननंतर दोनेक वर्षांनी माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा पटकीनं गेला. सासरच्यांनी तिला लहान मुलीसह परत धाडलं. मी तेव्हा हैदराबादेत एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत होतो. वडील हयात नव्हते, घर काका चालवत. घर तीन खणांचं होतं. खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. एका खणात धान्य, एकात माणसं, एकात स्वयंपाक. अक्का पोत्यांच्या फटीत निजत होती. तिच्यासाठी खोली काढायचं ठरलं आणि सुटीत आलो असताना आराखडा करण्याचं काम माझ्यावर आलं.

पैसे बेताचेच होते. म्हणून खोली स्वयंपाकघराला चिकटून धरली. एक भिंत आयतीच होती, तीनच बांधायच्या. दगड पडक्या गोठ्याचा, तुळई बांधावरच्या बाभळीची, वर मातीचं धाबं. नदीच्या बाजूला खिडकी.

अक्का मला तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची. तिनं एकच गोष्ट मागितली. "तम्मा, दार सैपाकघरात काढ. पावसात लेकराला घेऊन अंगणातून फिरायला लावू नको."

मी दार तिथंच दाखवलं.

काकांनी कागद उलटा धरून पाहिला. "चार खण व्हायलेत की. सम खणांचं घर लाभत न्हाई. पेपरात एवढं शिकवत न्हाईत व्हय?"

"मग काय करायचं?"

"मधे हातभर जागा सोड. खोली अलग उभी कर. दार अंगणात. मंग ती घरात मोजायची न्हाई."

हा नियम त्या भागात सगळेच पाळत. मी वाद घातला नाही. खोलीच्या मधोमध आणखी एक तुळई टाकली की एका खणाचे दोन होतात आणि घराचे पाच, एवढंच दाखवून दिलं. बाभूळ घरचीच होती. पाच विषम आहे.

उत्तर काकूनं दिलं. चुलीपासून न हलता ती म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या तिचं तोंड बघायचं का आम्ही?"

"तू गप," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "कामून डोकं खायलास? दार उघडलं की हिस्सा उघडतो. आज दार, उद्या अर्धं शेत."

आम्ही गळ्यात लिंग बांधणारी माणसं, आमच्यात विटाळ मानत नाहीत, असं हेच काका हुमनाबादच्या व्यापाऱ्यांना छाती पुढे काढून सांगत. मला त्या घरातलं पाणी प्यावंसं वाटेना.

मी हैदराबादला परतलो आणि खोली काकांच्या मनासारखी झाली. पुढच्या खेपेला मी हरगोलातून गेलो, तेव्हा ती पाहिली. खिडकी नव्हती. सोडलेल्या हातभर फटीत काकू खरकटं पाणी ओतत होती. भाताची शितं कुजून भिंतीला पांढरी बुरशी चढली होती. वास खोलीत भरला होता. अक्काची पोर सारखी खोकत होती.

अक्का रडली नाही. तिनं दाराशी तीन दगड मांडले आणि आपली वेगळी चूल पेटवली.

बेटावर एकच घर. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बायकांना आमचा धूर रोज दिसायचा. त्या दिवशी दोन दिसले. संध्याकाळी हरगोलवाल्यानं काकांना काठावरच विचारलं, "अप्पा, वाटण्या झाल्या म्हणं? भावाच्या लेकीला किती दिलं?"

काका घरी आले ते ओरडतच. "चूल विझव! गाव हसायलंय!"

अक्कानं भाकरी उलटली. "विझवते की. सैपाकघरात दार पाडा."

"उद्या बघू."

"मग उद्या विझवते."

दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः पहार घेतली. स्वयंपाकघराची भिंत फोडली, खोलीची फोडली, मधल्या फटीवर दोन फळ्या टाकल्या. भोक एवढं अरुंद ठेवलं की अक्काला अंग तिरकं करूनच आत यावं लागलं. खाली घाण तशीच होती. तिनं चूल विझवली आणि पोरीला कडेवर घेऊन स्वयंपाकघरात आली.

काका घाम पुसत पाटावर बसले होते. म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता अंगणातून यावं लागतं हे निमित्त न्हाई. पहाटेची भांडी तूच घासत जा."

काकूनं राखेचं टोपलं पायानं तिच्याकडे सरकवलं.