गल्लीतला संशयास्पद इसम

"भिंत तुमची, मान्य आहे. पण अंधार सगळ्या गल्लीचा आहे ना, ताई?"

"मग सगळ्या गल्लीने आपापल्या भिंतीवर लावावा दिवा. माझ्याच भिंतीला भोक का?"

"कारण बाकीच्या भिंती बुटक्या आहेत. तीनदा सांगून झालं."

"मग चौथ्यांदा नको सांगूस. बाजूला हो, वाफ लागेल."

इस्त्रीताईंनी शर्टाच्या कॉलरवर पाणी शिंपडलं आणि इस्त्री अशी दाबली, जणू खाली भावजयच आहे. भावजय जागची हलली नाही. ती हलणाऱ्यातली नव्हतीच. गल्लीत तिला अध्यक्षबाई म्हणत. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं, पण काढून टाकायची हिंमतही कुणाला झाली नव्हती. गल्लीत दिवा यावा म्हणून तिने वर्षानुवर्षं पालिकेच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. पहिल्या अर्जानंतर साहेब पाहणीला आले ते भर दुपारी, आणि ‘उजेड पुरेसा आहे’ असा शेरा मारून गेले. पुढच्या खेपेला खांब मंजूर झाला, पण गल्ली इतकी अरुंद, की खांब उभा केला असता तर माणसांना तिरकं होऊन जावं लागलं असतं. शेवटी दिवा भिंतीवर लावायचं ठरलं. उंच भिंत एकच, इस्त्रीच्या दुकानाची, आणि ती ताईंच्या नावावर. ताईंनी ‘हो’ म्हटलं की झालं. ताई ‘हो’ म्हणत नव्हत्या.

दारात वायरमन खांद्यावर शिडी घेऊन उभा होता. "बाई, भांडण सावकाश होऊ द्या. फक्त शिडी उतरवू की परत नेऊ तेवढं सांगा, खांदा भरून आलाय."

ताईंचं हे अडून बसणं गल्लीला नवीन होतं. विशीत नवरा गेला तशा त्या माहेरी परत आल्या, धाकट्या भावाच्या घराची पुढची खोली वडिलांनी त्यांच्या नावावर केली होती तिथे टेबल टाकलं, आणि तेव्हापासून गल्लीतला एकही पोरगा चुरगळलेल्या शर्टात मुलाखतीला गेला नाही. कुणाच्या खिशात सिनेमाची दोन तिकिटं सापडतात, कुणाच्या रुमालाला कसला वास येतो, सगळं त्यांना माहीत. तोंडातून अवाक्षर नाही. अशी बाई एका भोकासाठी हटून का बसावी?

कारण मागच्या बोळात होतं, चादरीखाली. एक गिऱ्हाईक घर बदलताना आपली जुनी सायकल ताईंना देऊन गेलं होतं. ताईंनी घरी सांगितलं, ठेवायला दिलीय. खरं तर त्यांना ती हवी होती. मोठ्या रस्त्यापलीकडे नव्या इमारती झाल्या होत्या, तिथले कपडे गाठोडं बांधून पायी पोचवायचे तर गुडघे शंख करत. अडचण एवढीच, की ताईंना सायकल येत नव्हती. लहानपणी घरात सायकल आली ती भावासाठी. ताईंच्या वाट्याला आलं कॅरिअर धरून मागून धावणं. भाऊ सायकल शिकला, ताई धावायला शिकल्या.

आता साठी उलटल्यावर तिन्हीसांजा सरल्या, गल्ली काळीकुट्ट झाली, की त्या सायकल बाहेर काढत. आपल्याला पडताना कुणी बघू नये, एवढीच त्यांची इच्छा. अजून थोडे दिवस अंधार मिळाला असता तर काम फत्ते होतं. मग दिवा लावा नाहीतर सूर्य टांगा.

"तुम्हीच समजवा हो यांना," भावजय वायरमनकडे वळली. "आता नुसता अंधार राहिला नाही. गल्लीत एक इसम फिरतो."

"कसला इसम?" वायरमनने शिडी उतरवली.

"धिप्पाड आहे. ही एवढी पाठ. पावलं वाजत नाहीत, नुसती करकर ऐकू येते. पालिकेत तशी तक्रारच दिलीय मी, दारू पिऊन फिरतो म्हणून."

"दारू नाही पीत तो," ताई शर्टाची बाही सरळ करत म्हणाल्या.

"झिंगत असतो, ताई. चार हात सरळ जात नाही."

"सरळ जातो की. वळताना जरा गडबड होते."

"परवा कचऱ्याच्या डब्यावर आदळला आणि घाणेरड्या शिव्या दिल्या."

"एकच दिली. तीही डब्याला."

"शेजारच्या मास्तरांच्या दोन कुंड्या फोडल्या."

"एक. दुसरी आधीच तडकलेली होती."

इस्त्रीखाली बाही हळूच पिवळी पडू लागली. वायरमननेच पुढे होऊन बटण बंद केलं.

भावजयने ताईंच्या कोपरावरच्या खरचटलेल्या जागेकडे पाहिलं. इस्त्रीचा चटका म्हणून त्यावर तिनेच मलम लावलं होतं. मग ती बोळात गेली, चादर उचलली, आणि परत येऊन इस्त्री केलेल्या कपड्यांच्या थप्पीवरच बसली. बसली ती हसायलाच लागली.

"ऊठ, घड्या मोडतील."

"ताई, मी तुमच्यावर तक्रार केली?"

"धिप्पाड लिहिलंस ना? मग मला कोण धरतंय." ताई चणीने एवढ्याशा.

"पण ती पाठ?"

"उशांचं गाठोडं होतं, मागे कॅरिअरला बांधलेलं. पुढे ओझं न्यायचंय, तर शिकायचंही ओझ्यासकट."

भावजयने डोळे पुसले. "मला सांगायचं होतंत. मी धरलं असतं मागून."

ताई जळक्या बाहीकडे बघत राहिल्या. "तू धरलं असतंस आणि गल्लीभर सांगितलं असतंस."

"ते तर सांगितलंच असतं. पण धरलंही असतं."

"साहेबांना काय कळवू?" वायरमनने विचारलं. "इसम सापडला म्हणून?"

"सापडला म्हण. आणि दारूचं तेवढं खोडायला सांग," ताई म्हणाल्या.

"आणि दिवा?"

ताईंनी एकदा वर भिंतीकडे पाहिलं, एकदा भावजयकडे. "पाड भोक. पण बेतानं, रंग आत्ताच दिलाय."

वायरमन शिडी घेऊन बाहेर गेला. ताईंनी पलीकडच्या इमारतीचे कपडे मोजून गाठोडं बांधलं, बोळातून सायकल आणली आणि गाठोडं कॅरिअरला करकचून आवळलं.

"हे काय, आत्ता?" भावजय ताडकन उठली. "भर दिवसा? वायरमन आला म्हणून सगळी गल्ली दारात उभी आहे."

ताईंनी बाह्या वर सारल्या.

"ब्रेक लावता येतो का? अहो, वळायचं कसं ते तरी? मास्तर आजच नवी कुंडी घेऊन आलेत."

ताईंनी पुढचं चाक उंबऱ्यावरून उचललं, मग मागचं.

"ताई, धरू का मागून?"

"धर. पण धावावं लागेल," म्हणत ताई सायकल घेऊन बाहेर पडल्या.